वऱ्हाडचें गहाण : चार करारनाम्यांचें परीक्षण

(१)

वऱ्हाड प्रांत निजामाच्या हातून इंग्रजांकडे कसा गेला, ह्या प्रश्नाचें उत्तर बहुतेक ग्रंथांत दोन सालें सांगून दिलें जातें. पहिलें साल १८५३. त्या सालीं कर्जापायीं प्रांत लावून दिला. दुसरें साल १९०२. त्या सालीं लॉर्ड कर्झन यानें तोच प्रांत कायमच्या पट्ट्यानें घेतला. ह्या दोहोंच्या मध्यें १८६० सालचा जो तह आहे, त्याचा उल्लेख बहुधा बक्षिसाच्या प्रकरणांत येतो. सत्तावन सालीं हैदराबादचा दरबार इंग्रजांच्या पक्षास राहिला, म्हणून पन्नास लक्षांचें कर्ज माफ झालें, धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, शोरापूरचा मुलूख वर मिळाला, इतकें सांगून ग्रंथकार पुढें जातो. ही मांडणी उलटी आहे, असें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. वऱ्हाड १८५३ सालीं गेलें नाहीं आणि १९०२ सालींहि गेलें नाहीं. तें १८६० सालीं गेलें. आणि ज्या कलमानें गेलें तें कर्जाविषयींचें नसून हिशेबाविषयींचें आहे.

राज्याचा वसूल कर्जापायीं परक्याच्या हातीं देण्याचा व्यवहार केवळ आपल्याकडेच झाला असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकानें आपल्या बंदरांची जकात अशाच रीतीनें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे लावून दिली होती. तेथील करारनामा वऱ्हाडच्या करारनाम्यांशेजारीं ठेवून वाचला असतां वरील मुद्दा अधिक स्पष्ट होतो, म्हणून त्याचाहि विचार पुढें केला आहे.

(२)

कर्ज कशाचें होतें हें आधीं पाहिलें पाहिजे. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहानें निजामानें तैनाती फौजेच्या खर्चासाठीं, म्हैसूरच्या दोन युद्धांत आपणांस मिळालेला मुलूख कंपनीस कायमचा तोडून दिला. म्हणजे त्या फौजेचा पैसा जमिनीच्या रूपानें आगाऊच चुकता झाला होता. ह्याच तहांत युद्धप्रसंगीं निजामानें सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडेस्वार मदतीस द्यावे असें एक कलम होतें. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत (१८११–१८२०) ह्या प्रासंगिक मदतीचें रूपांतर इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील कायम फौजेंत होऊं लागलें. हीच पुढें ‘हैदराबाद कंटिंजंट’ ह्या नांवानें ओळखली गेली. तिचा खर्च सालीना सुमारें ४० लक्ष रुपये. तो द्यावयाचा निजामानें, आणि तिजवर हुकूम चालावयाचा रेसिडेंटाचा. शांततेच्या काळीं अशी फौज बाळगण्याचें बंधन तहांत कोठेंहि नव्हतें. ही गोष्ट खुद्द लॉर्ड डलहौसी यानेंहि मान्य केली होती.

दरबारास पैसा पुरविणाऱ्यांत पहिलें मोठें नांव विल्यम पामर आणि कंपनी ह्या पेढीचें. ही पेढी १८१४ सालीं हैदराबादेंत निघाली. एतद्देशीय राजांस कर्ज देण्याची इंग्रज प्रजाजनांस पार्लमेंटच्या कायद्यानें मनाई असतां, १८१६ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें ह्या पेढीस त्या कायद्यांतून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड हा हेस्टिंग्जच्या पालकत्वाखालील मुलीचा पति होता. १८२० सालीं साठ लक्षांचें कर्ज झालें. पुढें रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यानें व्यवहाराचें खरें स्वरूप उजेडांत आणलें. मग पेढीचें देणें वारण्यासाठीं १८२३ सालीं जी तोड निघाली, ती आंकड्यांच्या दृष्टीनें बोधप्रद आहे. उत्तर सरकारांबद्दल कंपनी निजामास सालीना सात लक्ष रुपये पेशकश देत असे. ती कायमची बंद करून कंपनीनें एकरकमी १,१६,६६,६६६ रुपये दिले. दरसाल दरशेंकडा सहा ह्या दरानें सात लक्ष व्याज येण्यास नेमकें इतकेंच मुद्दल लागतें. महाग कर्जाच्या जागीं स्वस्त पैसा आला हें खरें. परंतु तो शाश्वत उत्पन्न विकून आला. एका पिढीचें देणें फेडण्यास पुढील सर्व पिढ्यांचें येणें खर्चीं पडलें. ह्या दरबाराच्या पुढील सर्व व्यवहारांचा हाच कित्ता होय.

ह्यानंतरच्या सावकारांत पेस्तनजी याचें नांव नाणकसंग्राहकांस पेस्तनशाही रुपयावरून परिचित आहे. त्यास वऱ्हाडांतील महालांचा वसूल कर्जापोटीं लावून दिला होता. मराठेशाहींत सावकारास महालांवर वराता देत, त्यांतलाच हा प्रकार. १८४५ च्या सुमारास दरबारानें ते महाल त्याजकडून काढून घेतले. ह्या सावकारापाशीं फौज नव्हती म्हणून महाल सुटले. पुढील सावकारापाशीं ती होती.

(३)

कंटिंजंटचा पगार दरबाराकडून थकला कीं कंपनीनें आपल्या खजिन्यांतून द्यावा व निजामाच्या नांवें लिहावा, असा क्रम होता. १८५१ सालीं दरबारानें ह्या देण्याचा मोठा भाग भागविला, तरी दोन वर्षांत तें पुन्हां पन्नास लक्षांच्या जवळ जाऊन ठेपलें. अशा स्थितींत कर्नल लो रेसिडेंट असतां २१ मे १८५३ रोजीं निजाम नासिरुद्दौला याच्याशीं तह झाला. वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे सुमारें पन्नास लक्ष उत्पन्नाचे जिल्हे इंग्रजांकडे लावून देण्यांत आले. त्या उत्पन्नांतून काय भागवावयाचें याची यादच तहांत आहे: कंटिंजंटचा खर्च, अप्पा देसायाची चौथ, महिपतरामाच्या घराण्याचे व कांहीं मराठे पेन्शनदारांचे तनखे, आणि कर्जावर दरसाल दरशेंकडा सहा व्याज. हें सर्व भागून शिल्लक उरेल ती निजामास द्यावी, आणि जमाखर्चाचा हिशेब दरवर्षीं दरबारापुढें ठेवावा, असेंहि त्यांत आहे. मुलूख तोडून दिला असें त्यांत कोठेंहि नाहीं.

हा कागद तह म्हणून न वाचतां खत म्हणून वाचावा अशी माझी सूचना आहे. चिंचवडापासून चाकणपर्यंतच्या टापूंत, म्हणजे हवेली व खेड ह्या तालुक्यांतील घराण्यांच्या रुमालांत, मोडी गहाणखतें आढळतात. त्यांचे तीन मुख्य प्रकार संग्राहकांस ठाऊक आहेत. नजरगहाणांत जमीन ऋणकोच्याच वहिवाटीस राहते. ताबेगहाणांत ती धनको वहिवाटतो व उत्पन्न व्याजांत किंवा व्याजमुद्दलांत घेतो. गहाणलाहाणांत मुदतींत पैसा न फिटल्यास गहाणाचीच खरेदी समजली जाते. ह्या कसोटीस लावतां १८५३ चा करार निःसंशय ताबेगहाणाचा आहे. त्यांत फेडीची मुदत नाहीं, म्हणून तो गहाणलाहाण नव्हे. उलट शिल्लक परत देण्याची व सालोसाल हिशेब देण्याची अट असल्यामुळें तो सामान्य ताबेगहाणापेक्षांहि ऋणकोस अनुकूल आहे.

धर्मशास्त्राची परिभाषा लाविली तरी निर्णय हाच येतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादानप्रकरणीं आधीचे भेद सांगितले आहेत. मुद्दल दुप्पट होईपर्यंत न सोडविलेला आधि बुडतो, आणि काळ ठरवून ठेवलेला आधि तो काळ लोटतांच बुडतो. परंतु ज्याचें फळ धनको भोगीत आहे असा फलभोग्य आधि कधींहि बुडत नाहीं, असा तेथील निर्णय आहे. शिवाय कर्ज दुप्पट झाल्यावर जो आधि भोगास दिला असेल, त्याच्या उत्पन्नांतून ती दुप्पट रक्कम वसूल होतांच तो सोडून दिला पाहिजे असेंहि स्मृतिकार सांगतो. मिताक्षरेंत यास क्षयाधि म्हटलें आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरा ज्या कल्याणींत लिहिली, तें गांव पुढें ह्याच निजामाच्या राज्यांत मोडत असे, हा योगायोग येथें नमूद करण्यासारखा आहे. ह्या नियमांत एक गोष्ट गृहीत आहे. उत्पन्नांतून किती वसूल झालें हें कळल्यावांचून आधि केव्हां सोडावयाचा हें ठरूंच शकत नाहीं. म्हणजे फलभोग्य आधीचा सर्व भार हिशेबावर आहे. हिशेब चालूं आहे तोंपर्यंत आधि हा आधि राहतो. हिशेब बंद झाला कीं तो कोणाचा हें सांगण्यास साधन उरत नाहीं.

(४)

आतां डिसेंबर १८६० चा तह पाहूं. ह्यांत निजामास मिळालेल्या गोष्टी वर सांगितल्याच आहेत, आणि त्या लहान नाहींत. त्यानें गोदावरीच्या डाव्या तीरावरील कांहीं मुलूख इंग्रजांस दिला, आणि सुमारें ३२ लक्ष उत्पन्नाचें वऱ्हाड पूर्वींच्याच कारणांसाठीं इंग्रजांकडे विश्वस्त म्हणून राहील असें ठरलें. ह्याशिवाय आणखी दोन गोष्टी ठरल्या. लावून दिलेल्या जिल्ह्यांच्या जमाखर्चाचा मागील व पुढील कोणताहि हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडला. शिल्लक उरल्यास निजामास द्यावयाचीच होती. परंतु राज्यकारभाराचा खर्च किती करावा हें सर्वस्वी इंग्रज सरकारच्या मर्जीवर राहिलें.

ह्या कलमांचा एकत्र अर्थ करावा. कर्ज माफ झालें, म्हणजे आधि ज्या ऋणासाठीं होता तें ऋणच संपलें. व्यवहाराच्या कोणत्याहि शास्त्राप्रमाणें गहाण त्या क्षणीं सुटावयास पाहिजे होतें. तें सुटलें नाहीं, कारण त्यास आतां फक्त फौजेच्या खर्चाचा आधार उरला, आणि ती फौज ऋण नसून चालूं खर्च होता. ऋणास अंत असतो. चालूं खर्चास नसतो. त्यांतहि त्या खर्चाचा आंकडा ठरविणार धनको, वसूल करणार धनको, शिल्लक किती हें सांगणार धनको, आणि ऋणकोनें विचारावयाचें नाहीं! १८५३ सालीं निजामानें ताबा दिला होता. १८६० सालीं त्यानें ताबा परत मागण्याचें साधन दिलें. त्याच्या बदल्यांत जी माफी मिळाली ती ज्या कर्जाची होती, त्याचें मूळच तहांत नसलेल्या फौजेंत होतें, हें वर आलेंच आहे.

बहुतेक इंग्रज ग्रंथकार ह्या तहास औदार्य म्हणतात. त्यांचा हेतु काय होता हें येथें पाहावयाचें नाहीं. परंतु दानाची याद करून त्याच पानावरील त्यागाची याद न करणें हा इतिहासलेखनाचा दोष आहे. आपल्या ग्रंथकारांनींहि तीच याद पुढें चालविली, ही अधिक खेदाची गोष्ट होय.

(५)

हिशेबाचा हक्क ही तेव्हांच्या राज्यकर्त्यांच्या ध्यानीं न येण्याजोगी सूक्ष्म बाब होती, असें कोणी म्हणेल. तसें म्हणतां येत नाहीं. आणि त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यांत आहे. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो पुणें आणि अहमदनगर ह्या जिल्ह्यांत पसरला. कुणब्यांचा रोख मुख्यतः सावकाराच्या खतांवर व वह्यांवर होता. खतें हिसकून घेऊन जाळावीं, हा त्या दंग्याचा विशेष. त्याच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याचें मर्म असें कीं, कोर्टानें केवळ खतावर न जातां खताच्या मागें जावें, व्यवहार मुळापासून तपासावा, व्याज व उत्पन्न यांचा हिशेब नव्यानें मांडावा आणि त्यावरून खरें देणें ठरवावें.

म्हणजे चाकणच्या ज्या कुणब्यानें ताबेगहाणांत दोन बिघे जमीन दिली होती, त्यास सावकाराकडून हिशेब घेण्याचा मार्ग ज्या सरकारनें कायद्यानें मोकळा करून दिला, त्याच सरकारनें एकोणीस वर्षांपूर्वीं सबंध प्रांत ताबेगहाणांत दिलेल्या राजाचा तोच मार्ग तहानें बंद केला होता. कुणब्याच्या बाबतींत जो अन्याय सरकारच्या ध्यानीं आला, तो स्वतः धनकोच्या जागीं असतां ध्यानीं आला नाहीं.

(६)

१८५३ च्या तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण झालेल्या सालारजंगानें गहाण सोडविण्यासाठीं पुढें बराच यत्न केला. १८७२ सालीं त्यानें अशी योजना मांडली कीं, ज्याच्या व्याजांतून कंटिंजंटचा खर्च निघेल इतकें मुद्दल इंग्रज सरकारकडे ठेवावें व वऱ्हाड परत घ्यावें. १८२३ सालीं कंपनीनें पेशकशीचें जें गणित केलें होतें, तेंच हें गणित उलट बाजूनें केलेलें आहे. कंपनीनें शाश्वत देण्याचें मुद्दल करून तें चुकविलें. दिवाणास शाश्वत खर्चाचें मुद्दल भरून तो चुकवूं दिलें नाहीं. १८७६ सालीं तो विलायतेस गेला, तरी कार्य झालें नाहीं. निजाम अल्पवयी असल्याचें कारण पुढें करण्यांत आलें. १८८३ सालीं सालारजंग वारला.

१९०२ सालच्या मार्चअखेर कर्झन हैदराबादेस गेला, निजाम महबूब अली खान याची भेट झाली, आणि ५ नोव्हेंबर १९०२ रोजीं करार झाला. निजामाचें सार्वभौमत्व पुन्हां मान्य करण्यांत आलें, आणि वऱ्हाड सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलें. हे २५ लक्षहि प्रथम पुरे हातीं येणारे नव्हते. इंग्रज सरकारनें दिलेल्या कर्जाऊ रकमांची फेड त्यांतून दरसाल वळती व्हावयाची होती. पुढच्याच वर्षीं कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. ज्या फौजेसाठीं प्रांत गहाण होता ती निराळी फौज म्हणून उरली नाहीं, आणि प्रांत मात्र गेला. १९०३ च्या आरंभीं निजामास जी. सी. बी. ही पदवी मिळाली, तेव्हां त्या तीन अक्षरांचा ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा अर्थ लोकांनीं लाविला असें सांगतात.

‘कायमचा पट्टा’ हा शब्दप्रयोग आपल्या दप्तरी भाषेच्या दृष्टीनें चिंत्य आहे. पट्ट्यास मुदत असते. मुदत नाहीं, धारा ठरलेला, वहिवाट वंशपरंपरा, अशा धारणेस आपल्याकडे मिरास म्हणतात. १९०२ सालीं इंग्रज सरकार वऱ्हाडचें मिरासदार झालें, आणि निजाम धाऱ्याचा धनी राहिला. कर्झनच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वींची शिल्लक अनिश्चित होती. २५ लक्ष निश्चित होते. परंतु हा लाभ लाभासारखा दिसला, तो १८६० पासून शिल्लक कशी निघते हें विचारण्याची सोय नव्हती म्हणूनच. हिशेब खुला असता, तर निश्चित रकमेचा मोह पडण्याचें फारसें कारण नव्हतें.

(७)

ह्या करारास महिना होतो न होतो तोंच, डिसेंबर १९०२ मध्यें, इंग्लंड, जर्मनी व इटली यांच्या लढाऊ जहाजांनीं थकलेल्या देण्यासाठीं कॅरिबियन किनाऱ्यावरील व्हेनेझुएलाचीं बंदरें अडविलीं. कर्जवसुलीसाठीं युरोपचीं आरमारें आपल्या दाराशीं येतात हें पाहून अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यानें डिसेंबर १९०४ मध्यें असें धोरण जाहीर केलें कीं, शेजारच्या राज्यांनीं व्यवहार नीट न ठेवल्यास ती व्यवस्था अमेरिकाच पाहील. त्याचा पहिला प्रयोग डोमिनिकन प्रजासत्ताकावर झाला.

ह्या राज्याची पूर्वकथा हैदराबादच्या वाचकास अपरिचित वाटणार नाहीं. युरो नांवाच्या हुकूमशहानें १८८८ सालीं ॲमस्टरडॅमच्या वेस्टेनडोर्प पेढीकडून कर्ज काढलें व जकातीचा वसूल तिच्या हातीं दिला. पुढें तो हक्क न्यूयॉर्कच्या एका कंपनीकडे गेला. १८९९ सालीं युरोचा खून झाला, तेव्हां कर्ज मागें राहिलें. १९०५ सालीं अमेरिकेनें जकातनाकीं आपल्या अंमलदाराच्या देखरेखीखालीं घेतलीं. वसुलापैकीं शेंकडा ४५ तेथील सरकारास द्यावे, व ५५ धनकोंसाठीं न्यूयॉर्कच्या पेढींत ठेवावे असें ठरलें. ८ फेब्रुवारी १९०७ च्या करारानें ही व्यवस्था पक्की झाली. दर्शनी तीन कोटि डॉलरांहून अधिक असलेलें देणें, हॉलंडर नांवाच्या अर्थशास्त्रज्ञाच्या मध्यस्थीनें, सुमारें एक कोटि सत्तर लक्षांवर आलें. तें भागविण्यासाठीं दोन कोटि डॉलरांचे शेंकडा पांच व्याजाचे नवे रोखे निघाले. महिना एक लक्ष डॉलर जकातींतून प्रथम रोख्यांच्या फेडीस जावयाचे, वसुलीचा खर्च शेंकडा पांचाहून अधिक व्हावयाचा नाहीं, आणि रोखे फिटेपर्यंत अमेरिकेच्या संमतीवांचून कर्ज वाढवावयाचें नाहीं, अशा अटी होत्या.

आमच्या दृष्टीनें ह्या कराराचें चवथें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. जकात वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यानें दरमहा आपला हिशेब डोमिनिकन सरकारच्या हिशेबखात्यास व अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यास असा दोघांसहि द्यावा, आणि तो तपासण्याचा अधिकार दोन्ही सरकारांस असावा, असें तें कलम आहे. वऱ्हाडांत खर्चाची मर्यादा धनकोची मर्जी. येथें शेंकडा पांच. वऱ्हाडांत हिशेब मागावयाचा नाहीं. येथें तो दरमहा. वऱ्हाडांत धनको व वसूल करणारा एकच. येथें धनको रोखेवाले, वसूल करणारें राज्य निराळें.

ह्यावरून डोमिनिकन राज्य सुखी झालें असें मात्र कोणी समजूं नये. कर्ज वाढविण्याच्या अटीचा भंग झाला असें कारण सांगून अमेरिकेनें नोव्हेंबर १९१६ मध्यें तेथें लष्करी अंमल बसविला, आणि तो १९२४ पर्यंत राहिला. १९२४ सालीं नव्या करारानें जकातीचें गहाण पुढें चालूं राहिलें. परंतु १९४० च्या करारानें जकात परत देण्याचें ठरलें, आणि १९४७ सालीं बाकी कर्जहि फिटलें. तें ज्या त्रुहियोच्या अमदानींत फिटलें ती स्वतः जुलमी होती; तरी गहाण सुटलें ही गोष्ट खरी.

(८)

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हिशेबाचें कलम असूनहि लष्करी अंमल टळला नाहीं. मग त्या कलमाची किंमत ती काय? ह्यास उत्तर असें कीं, हिशेबाच्या हक्कानें बळापासून रक्षण होत नाहीं. त्यानें इतकेंच होतें कीं, गहाण केव्हां फिटलें हें दोन्ही पक्षांस एकाच आंकड्यांत दिसतें. डोमिनिकन राज्यास शेवटला हप्ता कोणता हें दाखवितां आलें. निजामास तें कधींच दाखवितां आलें नाहीं. ऑक्टोबर १९२३ मध्यें निजाम उस्मान अली खान यानें वऱ्हाड परत मागितलें, तेव्हां त्याच्या मागणीचा एक मुख्य भर, १९०२ सालीं पित्याची संमति मोकळेपणानें मिळालेली नव्हती, ह्यावर होता. संमति खरी कीं नाहीं हा वाद मनाचा आहे. त्यास आंकड्यांचा पुरावा लागत नाहीं आणि मिळतहि नाहीं. मार्च १९२६ मध्यें लॉर्ड रीडिंग यानें त्यास उत्तर दिलें तें सार्वभौम सत्तेच्या श्रेष्ठत्वाचें, हिशेबाचें नव्हे. ऑक्टोबर १९३६ च्या चवथ्या करारनाम्यानें निजामाच्या सार्वभौमत्वाचा पुन्हां उच्चार झाला, युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, आणि २५ लक्षांचा आंकडा होता तसाच राहिला. १९४७ सालीं इंग्रजी अंमल व १९४८ सालीं निजामाची सत्ता संपली. वऱ्हाड १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निजामाच्या अंमलापेक्षां इंग्रजी अंमलांत वऱ्हाडची भरभराट झाली, आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला, आणि १९२३ सालीं वऱ्हाडांतील पुढाऱ्यांनींच निजामाकडे परत जाण्यास विरोध केला. हें सर्व खरें आहे. निजामाच्या मक्तेदारांनीं रयतेस कसें पिळलें हें झांकण्याचें कारण नाहीं. परंतु धनकोनें शेताची मशागत चांगली केली म्हणून गहाणाची खरेदी होत नाहीं. मशागत चांगली झाली असेल, तर हिशेब दाखविण्यास अडचण कोणती? पुढाऱ्यांचा विरोध मात्र निराळ्या गोष्टीकडे बोट दाखवितो. चारहि करारनाम्यांत पक्ष दोनच आहेत. जिच्या कापसावर, ज्वारीवर व साऱ्यावर फौजेचा पगार, चौथ, तनखे, व्याज आणि पंचवीस लक्ष निघाले, ती रयत एकाहि करारांत पक्ष नाहीं. राजास हिशेब न देणारें सरकार आणि रयतेस हिशेब न देणारा राजा, ह्या दोहोंत रयतेनें निवड करावी अशी ती स्थिति होती.

(९)

आतां संग्राहकांस एक विनंति. ऐचिसनच्या संग्रहांत तह छापले आहेत. ते कोणासहि मिळतात. त्या तहांच्या पोटांतला हिशेब मात्र तहांत नाहीं. तो सावकारांच्या वह्यांत, देशमुख-देशपांड्यांच्या घरच्या ताळेबंदांत, वरातांच्या पाठीवरील भरण्याच्या नोंदींत असावयाचा. राजवाड्यांच्या पिढीनें पत्रें, महजर व निवाडे जिवापाड जपून मिळविले, हें तिचें ऋण न फिटणारें आहे. रोजमेळ व खतावण्या यांजकडे मात्र तितकें लक्ष अद्याप गेलेलें नाहीं, कारण त्यांत लढाई नाहीं, मसलत नाहीं, नामांकित पुरुष नाहीं. वरील विवेचन मान्य झाल्यास, मसलतीचें खरें मूळ पुष्कळदां ह्याच नीरस वह्यांत असतें हें मान्य करावें लागेल.

हें काम त्वरेचें आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत बाजरीच्या रानांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत कारखाने उभे राहिले. ज्या शेताचें गहाणखत, तें शेत कारखान्याच्या कुंपणांत गेलें. म्हणून खताचाहि उपयोग संपला असें घरच्या मंडळींस वाटतें, आणि वाडा पाडतांना खतांचे रुमाल रद्दींत जातात. जमिनीचा व्यवहार संपला म्हणजे खत निरुपयोगी होतें, हें कोर्टापुरतें खरें आहे. ताबेगहाण म्हणजे काय, हिशेब कसा मांडीत, गहाण सुटलें असें कोणत्या शब्दांत लिहीत, हें त्याच खतांवरून कळतें. आणि तें कळल्यावांचून १८५३ चा तहनामा नीट वाचतां येत नाहीं. वऱ्हाडांतील संग्राहकांनीं सावकारी वह्यांचा, आणि ह्या बाजूच्या संग्राहकांनीं गहाणखतांचा शोध करावा. मिळतील त्यांच्या नकला करून, मिती, गांव व रक्कम ह्या तीन रकान्यांची यादी तरी मंडळाकडे पाठवावी. निजामानें १८६० सालीं जो हिशेब मागण्याचें सोडलें, तो मागण्यास आतां कोणत्याहि तहाची आडकाठी नाहीं.